थोरल्याचा सूर

ड्रॉवरच्या खालच्या फटीवर लावलेली चिकटपट्टी तुटलेली होती.

ताईने पायातल्या कापडी खोळी नीट करायचं निमित्त केलं, वाकून पट्टी पुन्हा पाहिली आणि सरळ उभी राहिली. दुपारी जेवायला जाताना स्वतःच्या हाताने लावलेली पट्टी होती, नखाएवढी, पारदर्शक. म्हणजे तिच्या माघारी ड्रॉवर कुणीतरी उघडला होता. काचेपलीकडे मालकांचा जावई कॉम्प्युटरमध्ये मान घालून बसला होता. तिने त्याच्याकडे असं बघितलं, की तो निरपराध असता तरी दोन गुन्हे कबूल करून बसला असता. त्याने मात्र मान वर केली आणि हसून हात हलवला. हे तर फारच झालं.

त्या खोलीत सापळा लावणं सोपं नाही. दारात पाय चिकटतील अशी चटई, डोक्याला टोपी, अंगात पांढरा कोट. धुळीचा एक कण आत आणला तर चोरी केल्यासारखे सगळे बघतात. तिथे केस अडकवून ठेवायची सोय नाही की पीठ भुरभुरायची नाही. ताईने तीन दिवस विचार करून चिकटपट्टी शोधून काढली होती. आता ती तुटली, तर तिला राग आला तितकंच समाधानही वाटलं. आपला संशय खरा ठरला की माणसाला बरं वाटतं, हे कुणी कबूल करत नाही एवढंच.

कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत. मालक सहा वर्षांनी मोठे, तेही ताईच म्हणत. माघारी तिला कस्टमवाली म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. तिच्या टेबलावरून काही पुढे जायचं, तर ते तीनदा उलटंपालटं होऊनच जायचं. राहिला जावई. तो मालकांचा जावई. आठ महिन्यांपूर्वी आला, कुठून तरी मोठं शिकून, आणि आल्या आल्या सगळ्यांना गोड बोलू लागला. तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती.

तिथे बनायच्या त्या दांड्या. सिलिकॉनच्या, केसाचे उभे दहा भाग केले तर त्यातल्या एकाएवढ्या जाड, दोन्ही टोकांना बांधलेल्या आणि मधे मोकळ्या. वायरलेसमध्ये शंभर आवाज एकदम घुसतात. हवा तो एकच आत यावा आणि बाकीचे दारातच थोपवावेत, हे त्या दांडीचं काम. झोपाळ्याला त्याच्याच लयीत ढकललं तर तो चढतो, अवेळी कितीही जोर लावा, चढत नाही, तसंच हे. दांडी आपल्या लयीच्या आवाजाला तेवढी थरथरते, इतरांना दाद देत नाही.

पण कुठलीच दांडी बनताक्षणी बरोबर वाजत नाही. तिच्या अंगावर मुद्दामच सोन्याचा थर जास्तीचा चढवलेला असतो, त्या वजनाने ती जरा खालच्या सुरात वाजते. मग लेझरने एकेक ठिपका सोनं उडवायचं. सूर चढत जातो आणि नेमक्या जागी आला की थांबायचं. नेमकी जागा कुठली, ते थोरला सांगायचा.

थोरला म्हणजे अकरा वर्षांपूर्वी सिलिकॉनच्या पहिल्या चांगल्या तबकडीतून निघालेली पहिली चिप, आत अशीच एक दांडी आणि वर झाकण. ताईने ती स्वतः निवडली होती, नावही तिनेच दिलं होतं. रोज सकाळी ती ड्रॉवरमधून थोरल्याला काढायची, चिमट्याने मीटरमध्ये बसवायची आणि काटा शून्यावर आणायची. त्यानंतर दिवसभराचा माल थोरल्याच्या सुराशी जुळवला जायचा. मीटर बाहेरच्या प्रयोगशाळेतून तपासून आणायची पद्धतही पूर्वी होती. पण नऊ वर्षांपूर्वी त्या प्रयोगशाळेने शिक्का मारून मीटर परत पाठवला, ताईने थोरला लावला, आणि काटा सरकला. "शिक्का खोटा आहे," ती म्हणाली. महिन्याभराने प्रयोगशाळेचं माफीपत्र आलं. ते अजून तिच्या टेबलासमोर भिंतीवर होतं. त्यानंतर बाहेरचा एकही शिक्का तिने आत येऊ दिला नाही.

आता ती एवढी पेटली होती त्याचं कारण सांगायला हवं. कारण धाकटा.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ, तिच्याहून बारा वर्षांनी लहान. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. तो सात नंबरची ॲम्ब्युलन्स चालवायचा. दोन महिन्यांपूर्वी शहरातल्या एकोणीसही ॲम्ब्युलन्सच्या वायरलेसमध्ये ताईच्या कारखान्यातल्या दांड्यांचे फिल्टर बसले, तेव्हा धाकट्याला कोण आनंद. गाडीत नवा माणूस बसला की तो वायरलेसवर टिचकी मारून सांगायचा, "हा माझ्या ताईने तपासलाय."

तीन आठवड्यांपूर्वी भर दुपारी त्याला निरोप आला. पाण्याच्या टाकीमागे राहणाऱ्या एका शिंप्याला अर्धांगाचा झटका आला होता. कंट्रोल रूमने घराचा पत्ता तीनदा सांगितला. त्यांच्याकडे त्याची नोंद आहे, तीनही वेळा स्पष्ट. धाकटा पोचला तो बावीस मिनिटं उशिरा. शिंपी वाचला, पण उजवा हात गेला. शिंप्याचा उजवा हात.

धाकट्याचं म्हणणं एकच होतं. पत्ता ऐकूच आला नाही. त्या वेळी वायरलेसवर बंदरातल्या क्रेनवाल्यांची बडबड चालली होती आणि तिच्याखाली कंट्रोल रूमचा आवाज बुडाला होता. क्रेनवाल्यांचं चॅनल शेजारचं, ते खरं. पण ते अडवायलाच तर फिल्टर होता. चौकशी समिती बसली, धाकट्याला घरी बसवलं आणि सात नंबरच्या गाडीतला फिल्टर काढून कारखान्याकडे पाठवला. तो बरोबर की चूक, तेवढं लिहून द्या. बरोबर असेल, तर चूक ड्रायव्हरची. नोकरी जाणार आणि पुन्हा कुणी गाडी हातात देणार नाही.

ताईने तो फिल्टर मीटरला लावला. काटा शून्यावर. तिने काढून पुन्हा लावला, पुन्हा शून्यावर. इतका चोख फिल्टर तिने वर्षभरात पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळी ती धाकट्याच्या घरी गेली आणि त्याच्यासमोर बसली.

"खरं सांग. डुलकी लागली होती का?"

"नाही ताई."

"माझ्यापाशी बोल. मी कुणाला सांगणार नाही. रात्रपाळी करून आला होतास."

"नाही लागली. मला क्रेनवाले ऐकू येत होते."

दुसऱ्या दिवशी तिने तेच विचारलं, तेव्हा तो चिडला. पाचव्या दिवशी उठून आत निघून गेला. ती विचारत राहिली. तपासायचं ते तीनदा तपासायचं, ही तिच्या हाताची सवय होती, तोच हात भावावरून फिरतोय हे तिच्या लक्षात आलं नाही. आठव्या दिवशी तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "कोण जाणे. लागलीही असेल."

तेव्हा मात्र तिने विचारणं थांबवलं. हा पोरगा लहानपणी कपबशी फुटली तर स्वतः येऊन सांगायचा. तो खोटं बोलत नाही. आणि थोरला तर खोटं बोलतच नाही. मग तिसरं कुणीतरी खोटं बोलतंय, आणि तो तिसरा कारखान्यात रोज काचेपलीकडे बसत होता.

तिने एकेक गोष्ट जुळवायला घेतली. जावई आल्यापासून दुपारी जेवायला सर्वांबरोबर बसत नाही. त्याने एक नवा डबा आणलाय, खिडकीबाहेर त्याचा ॲण्टेना लावलाय. उपग्रहांवरून वेळ घेऊन तो कंपनं मोजतो म्हणे. तिच्या मीटरला तो जोडू का, असं त्याने पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. "आकाशातून कुणीतरी सांगणार आणि मी ऐकणार?" असं म्हणून तिने त्याला वाटेला लावलं होतं. मग एकदा त्याने साखर पेरत विचारलं, "ताई, हल्ली लेझर कमी का लागतो?"

"माल चांगला येतोय म्हणून," ती ताठ्याने म्हणाली होती. पूर्वी एका चिपला चाळीस ठिपके उडवावे लागत, आता सव्वीस-सत्तावीसमध्ये काम होतं. तिला त्याचा अभिमान होता. पण याला काय करायचंय? लेझरवरच्या माणसाला काढायचा बेत असणार. आणि आता सरळ दिसत होतं. याच्या हाताखाली काहीतरी खराब माल गेला, तो सात नंबरच्या गाडीत बसला, चौकशी आल्यावर याने खराब चिप बदलून चांगली ठेवली आणि खापर धाकट्याच्या डोक्यावर फोडलं. सासऱ्याचा कारखाना वाचला. कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला पहिल्यापासून वाटत होतं.

ती मालकांकडे गेली. मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ताई, तुम्ही माझ्यावरही दोनदा संशय घेतलाय," ते म्हणाले. हे खरं होतं, म्हणून ती परत आली. पुरावा हवा. तेव्हा चिकटपट्टी.

पट्टी तुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन सगळ्यांच्या देखत जेवायला निघाली. "आज भूक फार लागलीय," असंही मोठ्याने म्हणाली, जे ती कधी म्हणत नसे. कोट बदलायच्या खोलीत ती लटकत्या कोटांच्या मागे जाऊन उभी राहिली. दहा मिनिटं गेली. गुडघा ठणकू लागला. मग आतल्या खोलीतून ड्रॉवर सरकल्याचा आवाज आला.

ती दारात जाऊन उभी राहिली. जावई तिच्याच खुर्चीवर बसला होता, हातात चिमटा, चिमट्यात थोरला.

"सापडलात!"

तो दचकला. चिमटा हलला आणि ताई ओरडली, "अहो, पडेल तो! कडेला धरा, कडेला! धरताही येत नाही आणि चोऱ्या करताय." त्याने जीव मुठीत धरून थोरल्याला खोबणीत बसवलं. मग दोघांनीही श्वास सोडला.

"काय चाललंय माझ्या थोरल्याचं?"

"मोजतोय, ताई. माझ्या त्या उपग्रहाच्या डब्यावर."

"किती दिवस?"

"आज पंधरावा." त्याने वही पुढे केली. पंधरा दुपारांची पंधरा मापं होती. "पहिल्यांदा वाटलं माझंच चुकतंय. पुन्हा मोजलं. तुमचं चुकू शकतं, हे इथे कुणी मला सांगितलंच नव्हतं. ताई, थोरला खाली उतरलाय."

"तुमचा डबा वर चढला असेल."

"असेल," तो म्हणाला. "तुम्ही सांगा कसं तपासायचं."

हे उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. ती भिंतीतल्या काचेच्या कपाटाकडे गेली. तिथे थोरल्याची तीन भावंडं होती, त्याच तबकडीतली, अकरा वर्षांपूर्वी डबीत बंद केलेली, डबीवर कागद आणि कागदावर तिची सही. सही तिने भिंगाखाली तपासली. तिचीच होती, कागद अखंड होता. जावयाला तिने हात लावू दिला नाही. तिने मीटर थोरल्यावर शून्य केला, मग पहिलं भावंड लावलं. काटा उजवीकडे गेला. दुसरं लावलं. काटा तिथेच गेला. तिसरं लावलं, आणि काटा तिथेच गेला.

तिघे मिळून एकच खोटं बोलणार नाहीत, हे ती कुणालाही सांगू शकली असती. शेजारच्या चॅनलची कड आत येईल, एवढा फरक होता.

"भिंगाखाली घ्या त्याला," ती म्हणाली.

थोरल्याच्या झाकणाच्या कडेला एक बारीक चीर होती आणि चिरेच्या तोंडाशी चिमट्याची खूण. तिच्या चिमट्याची. रोज सकाळी, अकरा वर्षं, त्याच जागी. त्या चिरेतून हवेचा ओलावा आत शिरत गेला, दांडीवर बसत गेला, दांडी जड होत गेली आणि सूर खाली. रोज इतका थोडा, की रोज बघणाऱ्याला कळू नये. आणि रोज मीटर त्याच्यावरच शून्य व्हायचा. तिने लेझरची नोंदवही उघडली. तिच्याच अक्षरात होतं: चाळीस, अडतीस, पस्तीस, एकतीस, सत्तावीस. माल चांगला येत नव्हता. थोरला खाली येत होता, त्याच्याशी जुळवायला सोनं कमी उडवावं लागत होतं, आणि ती खूश होत होती.

सगळ्या जगाला तिने तपासलं होतं. मालकांना, प्रयोगशाळेला, जावयाला, स्वतःच्या भावाला. थोरल्याला एकदाही नाही.

"आधी का नाही बोललात?" तिने विचारलं.

जावई अवघडला. "बोललो होतो. लेझरचं विचारलं होतं. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत."

मालकांच्या खोलीत तिघं बसली तेव्हा चहा आला आणि तसाच निवला. मालकांनी समितीचं पत्र पुन्हा वाचलं. "त्यांनी काय विचारलंय? फिल्टर कारखान्याच्या मापाप्रमाणे आहे का. आहे! आपण खोटं कुठे बोलतोय? बाकीचे अठरा आपण हळूहळू बदलून देऊ, गाजावाजा न करता. ताई, तुमची अकरा वर्षांची इभ्रत आहे."

"आणि धाकट्याची नोकरी?"

"त्याला आपण इथे कुठेतरी—"

"तो गाडी चालवतो," ताई म्हणाली. "आणि अठरा गाड्या आत्ता रस्त्यावर आहेत."

जावयाने सासऱ्याकडे न बघता ताईपुढे कोरा कागद सरकवला. मालकांनी जावयाकडे असं पाहिलं, की त्या घरी त्या रात्रीचं जेवण काही सुखाचं झालं नसणार. ताईने स्वतःच्या हाताने लिहिलं. फिल्टर चुकीच्या सुराचा आहे. मापाची चिप खाली उतरली होती. ती माझ्या ताब्यात होती. मीटर बाहेरून तपासून घ्यायला मी नऊ वर्षं नकार दिला. एकोणीसही गाड्यांचे फिल्टर आजच्या आज बदलावेत. खाली सही केली, आपल्या जागेवर आली आणि टेबलासमोरचं माफीपत्र काढून ड्रॉवरमध्ये पालथं ठेवलं.

समितीने धाकट्याला दोषमुक्त केलं. ताईला मालकांनी काढलं नाही, पण सह्या आता जावयाच्याही लागू लागल्या. एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने त्याचं तपासायचं, असं ठरलं. शिंप्याच्या घरी ती एकदा जाऊन आली. तिथे काय बोलणं झालं ते तिने कुणाला सांगितलं नाही.

धाकट्याच्या पहिल्या दिवशी सकाळी ती नवा फिल्टर घेऊन ॲम्ब्युलन्सच्या आवारात गेली. बाकीच्या अठरा गाड्यांचं काम झालं होतं. सात नंबरची तिने स्वतःसाठी मागून घेतली होती. धाकटा बोनेट पुसत होता. अंगाने उतरला होता. तिने वायरलेसचं झाकण उघडलं, जुन्या जागी नवा फिल्टर बसवला, स्क्रू पिळले. एरवी तो टिचकी मारायला पुढे आला असता.

"तुला डुलकी लागली नव्हती," ती म्हणाली.

"हो. समितीनं लिहून दिलंय."

"मी सांगतेय तुला."

"ताई," तो शांतपणे म्हणाला, "मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

माफ कर, असं म्हणायचं ती घरून ठरवून आली होती, ते राहूनच गेलं. तिने पेचकस पिशवीत टाकला. तेवढ्यात वायरलेस बोलला. क्रेनवाले नाहीत, खरखर नाही. कंट्रोल रूमची बाई जणू मागच्या सीटवर बसून बोलत होती. सात नंबर, शाळेच्या मागची गल्ली, तिसरं घर, दुसरा मजला, जिन्यावरून पडलेली बाई. इतका स्वच्छ आवाज ऐकून ताईला रडू फुटलं.

धाकट्याने गाडीत बसून स्टिअरिंगवर हात ठेवला, किल्ली फिरवायला बोटं नेली आणि थांबला. तो तिच्याकडे वळला. लहानपणी कपबशी फुटल्यावर यायचा तसा त्याचा चेहरा झाला होता.

"शाळेच्या मागची गल्ली, तिसरं घर, दुसरा मजला," तो म्हणाला. "असंच म्हणाली ना ती? तूही ऐकलंस ना?"

"असंच म्हणाली," ताई म्हणाली. "ऐकलं मी."

"नक्की?"

"नक्की. जा तू."

तरी त्याने माइक उचलून कंट्रोल रूमला पत्ता पुन्हा विचारला. मगच गाडी सुरू केली.